गावचे दप्तर कोणी उघडावे?

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जुना कागद टिकला तो हक्कासाठी. पाटीलकी थोरल्या घरची की धाकट्या, पोळ्याला वेशीतून पहिला बैल कोणाचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, महार वतनातली हाडकी-हाडोळ्याची जमीन कोणाच्या ताब्यात, पाटाचे पाणी आधी कोणाच्या रानात, असल्या भांडणांत उद्या पुरावा लागेल म्हणून कागद रुमालात बांधले गेले, पेटीत गेले, माळ्यावर चढले. इतिहासाची आवड वगैरे त्यात काही नव्हते. आणि ज्या कारणाने ते जपले गेले त्याच कारणाने लपवलेही गेले. गावात इतिहास मंडळ काढायचे ठरले की पहिल्या बैठकीला माणसे हौसेने येतात, चहा होतो, आपल्या गावाला फार मोठा इतिहास आहे असे तीन-चार जण उभे राहून सांगतात. मग कोणी तरी विचारतो, ‘तुमच्या घरची पेटी कधी उघडायची?’ आणि बैठक गप्प होते. या पुस्तिकेतला बराचसा मजकूर त्या गप्प बसण्याचे काय करायचे याबद्दल आहे.

मंडळ चालवायला फारसे काही लागत नाही. दहा-बारा माणसे, महिन्यातून एक बैठक, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक कुलपाचे कपाट, बरा कॅमेरा असलेला एखादा फोन आणि एक जाड वही. बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू नये आणि पेरणी-सुगीत आग्रह धरू नये, एवढे पथ्य पाळले की निम्मे काम झाले. माणसे मात्र निवडून घ्यावी लागतात. निवृत्त शिक्षक असतोच. तो नसेल तर मंडळ निघत नाही आणि तो एकटाच असेल तर चालत नाही. चावडीवर हयात गेलेला जुना कोतवाल, गल्लीन् गल्ली माहीत असलेला पोस्टमन, घरोघर जाणाऱ्या आशाताई, दहावी-बारावीतली दोन चुणचुणीत मुले ही मंडळी आत आली की कामाला पाय फुटतात.

मराठीत प्रस्तावना लिहायला बसावे आणि इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचे नाव काढू नये हे बरे दिसत नाही. त्यांच्या प्रस्तावना इतक्या लांबरुंद की त्यांचेच पुढे ‘ऐतिहासिक प्रस्तावना’ नावाचे स्वतंत्र पुस्तक झाले. वाईला हाती लागलेल्या कागदांवरून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला, आणि ही माला बावीस खंडांवर गेली. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळामास्तर होते. पटवर्धनांच्या दप्तरातून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड काढले. १९१० साली राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. पुढे राजवाड्यांचे त्याच मंडळाशी पटेना. ते बाहेर पडले, धुळ्याला गेले, १९२६च्या अखेरीस तिथेच वारले, आणि त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी धुळ्यात १९२७ साली दुसरे मंडळ उभे राहिले. संस्थापकाचे संस्थेशी फाटण्याची आपली परंपरा जुनी आहे. नव्या मंडळांनी तिचे फार वाईट वाटून घेऊ नये.

या थोर मंडळींनी गावोगाव पायपीट केली, पण त्यांना हवी होती ती राज्याची कथा: पानिपत, तह, स्वाऱ्या, कारस्थाने. गाव हे त्यांच्या लेखी बहुतेक वेळा कागद सापडण्याचे ठिकाण होते. गावाकडे गाव म्हणून पाहिले ते त्रिं. ना. आत्रे यांनी. त्यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली निघाला. वतनदार, बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते, देणीघेणी, मानपान हा सगळा पसारा त्यांनी सरकारी नोकरीत डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्यांची भाषा अशी की आजही वाचताना गावातला कालवा कानावर येतो. मात्र तो गावगाडा नमुन्याचा आहे, अमुक एका गावाचा नाही. आणि आत्र्यांची काही मते, विशेषतः फिरस्त्या जमातींबद्दलची, आज चिमट्याने उचलावी लागतात. अमुक एका गावाचा गाडा, त्याच गावातल्या माणसांनी, नावनिशीवार लिहून ठेवणे हे काम अजून बहुतेक ठिकाणी व्हायचे आहे.

ते का झाले नाही, याचे एक उत्तर इनाम कमिशनात आहे. १८५२च्या कायद्याने या कमिशनला अधिकार मिळाले. सनद दाखवा, वहिवाट शाबीत करा, नाही तर इनाम खालसा, असा तो खाक्या होता. हजारो इनामांची चौकशी झाली आणि पुष्कळांची इनामे गेली. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले पेशवे दप्तराचे जे कोट्यवधी कागद आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, त्यांची लावालाव बरीचशी या दाव्यांच्या पडताळणीसाठी झाली होती. आजोबाने नातवाला ‘कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही’ असे बजावले ते अडाणीपणाने नव्हे. पुढे १९४८चा कुळकायदा आला, वतने रद्द करणारे कायदे आले, जमीनधारणेची कमाल मर्यादा आली, धरणग्रस्तांच्या याद्या आल्या. दर वेळी कोणाच्या तरी पेटीतल्या कागदाने काही मिळवून दिले किंवा काही घालवले. अशा घरात तुम्ही ‘आम्ही फक्त इतिहासासाठी बघतो’ म्हणत गेलात, तर तुमच्याकडे संशयाने बघितले जाणारच.

अगदी परवाचा दाखला घ्या. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्यानंतर जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, शाळेचे जनरल रजिस्टर, कोतवालाची वही, मोडीतले जुने उतारे यांना एकाएकी भाव आला. एरवी वाळवीने खाल्ले तरी कोणी ढुंकून न बघितलेल्या वह्या झटकल्या गेल्या, आणि मोडी वाचणारा माणूस शोधत लोक तालुके पालथे घालू लागले. गावच्या मंडळाने यात पडावे की नाही, असे मला अनेकांनी विचारले आहे. माझे म्हणणे सरळ आहे. कागद वाचून द्यावा, सगळ्यांना सारखाच वाचून द्यावा, आणि जे अक्षर लागत नाही ते लागत नाही म्हणून लिहून द्यावे. दाखल्याच्या अर्जावर, वकिलाकडच्या फेऱ्यांवर मंडळाचे नाव जाता कामा नये. एकदा मंडळ कोणा एकाच्या बाजूचे ठरले की दुसऱ्याची पेटी कायमची बंद होते.

मोडी शिकणे अवघड नाही, फक्त सवयीचे आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, पुण्यातले भारत इतिहास संशोधक मंडळही घेते. मंडळातल्या दोघांनी तरी ती शिकून घ्यावी. एकाने नव्हे, दोघांनी, म्हणजे एकाने लावलेले अक्षर दुसऱ्याला तपासता येते.

ज्याने कधी गोतसभेचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, पाहिला असेल त्याला मंडळ कसे असावे हे वेगळे सांगावे लागणार नाही. तुकड्याला तुकडा चिकटवून केलेला लांबच लांब हातकागद असतो. बोरूने लिहिलेली मोडी ओळीच्या एका टोकाला धरली की दुसऱ्या टोकापर्यंत हात उचललेला दिसत नाही. वर वादी, प्रतिवादी, कोणाची काय करीना, कोणाची काय साक्ष, मग निवाडा. आणि सगळ्यांत पाहण्यासारखा भाग शेवटी: हजर गोताची नावे. पाटलाच्या नावाशी नांगर काढलेला, कुलकर्ण्याशी लेखणी, शेट्याशी तागडी. सुतार, लोहार, चांभार यांनी आपापल्या हत्याराची आकृती काढलेली. महाराचेही नाव असते. अक्षर येत नव्हते म्हणून साक्ष टळत नव्हती. तो समाज समतेचा होता असे यावरून कोणी म्हणू नये. महजरात नाव असलेल्या महाराला त्याच गावच्या विहिरीवर पाणी नव्हते, आणि बायांची नावे तर शोधावीच लागतात. पण गावचा निवाडा सगळ्या गोतासमोर व्हावा लागतो, एका वाड्यात बसून होत नाही, एवढी समज त्या कागदात आहे. आजच्या मंडळाच्या कार्यकारिणीची यादी काढून बघावी. तीत एकाच आळीची, एकाच भावकीची नावे असतील तर ते त्या भावकीचे मंडळ आहे. गावाचे नाव त्याला देऊ नये.

कामाची सुरुवात कागदापासून करू नये, हा या पुस्तिकेचा पहिला व्यवहारी सल्ला आहे. सुरुवात फोटोंपासून करावी. गावच्या जत्रेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या शताब्दीला वर्गखोलीत एक दोरी बांधावी आणि घरोघरचे जुने फोटो, त्यांच्या प्रती काढून, टांगावेत: लग्नातले, तालमीतले, १९७२च्या दुष्काळात खडी फोडतानाचा एखादा, भजनी मंडळाचा, मुंबईला गिरणीत लागलेल्या पोराने स्टुडिओत काढून घरी पाठवलेला. खाली नावाची चिठ्ठी अर्धी कोरी ठेवावी. लोक येतात, बोट ठेवतात, भांडतात, ‘हा तो नव्हे, हा त्याचा चुलता’ म्हणतात, आणि पेन मागतात. संध्याकाळपर्यंत जेवढी माहिती जमते तेवढी वर्षभर दारोदार फिरून जमत नाही. आणि मुख्य म्हणजे गावाला दिसते की फोटो नेला तसा परत आला. कागदाची पेटी उघडते ती त्यानंतर.

पेटी उघडली की तिथेच, त्या घरच्या ओसरीवर बसून काम उरकावे. कागद घराबाहेर नेऊ नये. सतरंजीवर पांढरे धुतलेले कापड टाकावे, दाराकडून उजेड येईल असे बसावे, रुमालाची गाठ घरच्या माणसालाच सोडू द्यावी. कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फोटो काढावेत. वरवर विस्कळीत दिसणाऱ्या त्या क्रमातही ठेवणाऱ्याचा काही हिशेब असतो. शेजारी मोजपट्टी ठेवावी, पाठीमागची कोरी बाजूही टिपावी, कारण पुष्कळदा पाठीवरच एका ओळीत कागदाचा मतलब लिहिलेला असतो. क्रमांक घालायचाच तर शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात, बारीक. सेलोटेप नको. प्लास्टिकमध्ये लॅमिनेशन तर मुळीच नको. चांगल्या भावनेने केलेल्या लॅमिनेशनने जेवढे कागद मेले तेवढे वाळवीने मारले नसतील असे कधी कधी वाटते. कडुनिंबाचा पाला, कोरडी जागा आणि वर्षातून एकदा हवा, एवढ्यावर जुना जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद सुखाने राहतो. काम झाले की गाठ पुन्हा घरच्या माणसाने बांधावी आणि आठवड्याच्या आत फोटोंची एक प्रत त्या घरी पोचवावी. ही प्रत पोचवायला जे विसरतात त्यांना त्या आळीत दुसरे दार उघडत नाही.

गावाबाहेरही गावचे दप्तर असते, आणि ते प्रांताप्रांतात वेगळे. पश्चिम महाराष्ट्रात भूमापनाची सुरुवात १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात झाली. तिथल्या गावाला टिपण, आकारफोड, जुने फेरफार यांची साखळी मिळू शकते, आणि त्यातले बरेच आता शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. मराठवाड्यात १९४८ पर्यंतचा बराचसा महसुली कागद उर्दूत आहे. तिथल्या मंडळाने मोडीइतकीच उर्दू वाचणाऱ्याची सोय पाहावी, आणि ती गावातल्याच एखाद्या मौलवींकडे किंवा जुन्या निवृत्त कारकुनाकडे होते. १९५४च्या खासरा पत्रकापासून पुढे गाडी मराठीवर येते. पूर्व विदर्भात मालगुजारीचे कागद, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज आहेत, आणि गावतळ्यावर कोणाचा काय हक्क हे त्यांत खुलाशाने मिळते. कोकणात खोतांची दप्तरे. गोव्यात गावकारीचा कारभार इतका जुना की पोर्तुगीजांनी १५२६ साली त्याच्या चालीरीतींचे लेखी फोराल केले, आणि तिथल्या मंडळाला पोर्तुगीज टाळता येत नाही.

सरकारी कागदाइतकेच मोलाचे बिनसरकारी कागद आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत गावाच्या नावाने पाने असतात; कोण आले, कोणाचा मुलगा, बरोबर कोण, हे यात्रेकरूच्या तोंडचे. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे हेळवी बैल घेऊन येतात, उभ्या उभ्या घराण्याची वंशावळ म्हणतात, नवे जन्म लिहून घेतात, धान्य घेतात आणि पुढच्या गावाला जातात. पंडितांनी या वंशावळींना नाक मुरडले तरी मंडळाने त्या टिपून घ्याव्यात. हेळवी काय सांगतो याबरोबर घरचे काय दुरुस्त करतात हेही टिपावे. आणि साताऱ्या-कोकणातल्या गावांनी मुंबईला विसरू नये. लालबाग, परळ, गिरगावात गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपणाऱ्या गिरणी कामगारांनी ग्रामस्थ मंडळे काढली, वर्गणी जमवली, गावच्या देवळाला, शाळेला, पाण्याच्या टाकीला पैसे धाडले. त्यांची इतिवृत्ते आणि वर्गणीच्या पावत्या म्हणजे गावाचा विसाव्या शतकातला अर्धा इतिहास. १९८२च्या संपानंतर माणसे पांगली, खोल्या विकल्या गेल्या, आणि वह्या कोणाच्या तरी पोटमाळ्यावर राहिल्या. हे काम आज केले नाही तर दहा वर्षांनी करता येणार नाही.

दगडांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे नुकसान रोज चालू आहे. गावच्या मारुतीपाशी, पारावर, ओढ्याकाठी चौकटी खोदलेला दगड उभा असतो. लोक त्याला शेंदूर लावतात, कधी वेताळ म्हणतात, कधी नुसता ‘देव’. तो बहुधा वीरगळ असतो. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा गाई पळवून नेणाऱ्यांशी झालेली. मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा. वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे. गधेगाळ त्याहून वेगळा: दान मोडणाऱ्याला शिवी म्हणून गाढव आणि बाई यांचे शिल्प, वर लेख. गावात तो दाखवताना माणसे संकोचतात आणि कित्येकदा तो पालथा घातलेलाही असतो. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख असाच गधेगाळावर आहे. शं. गो. तुळपुळ्यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’मध्ये तो आहे, त्याचे वाचन शके ९३४ म्हणजे १०१२ साल असे केले जाते, आणि मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. असा दगड बरीच वर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभा होता.

जीर्णोद्धार हा या दगडांचा मोठा शत्रू. देवळाला फरशी बसते तेव्हा पायरीचा लेख सिमेंटखाली जातो. कमिटीला हौस आली की वीरगळाला ऑइल पेंट लागतो, वीराला निळा, घोड्याला पांढरा. मंडळाने जीर्णोद्धाराला विरोध करून गावाशी वैर घेऊ नये, कमिटीत आपला एक माणूस बसवावा. लेख वाचायला दगड घासू नये, पीठ किंवा चुनाही भरू नये. रात्री जावे, बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड टाकावा आणि हळूहळू फिरवावी. दिवसा जिथे नुसते खडबडीत दिसत होते तिथे सावल्यांतून अक्षर उठते, दोन ओळी लागतात, घोड्याचे खोगीर दिसते. बघायला जमलेली पोरे त्या रात्रीनंतर मंडळ सोडत नाहीत.

बोलत्या साधनांत मंडळे हमखास एक घोळ घालतात. गावातल्या चार वजनदार म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवतात आणि ‘गावाचा इतिहास सांगा’ म्हणतात. मग पांडव एका रात्रीत देऊळ बांधतात, महाराज स्वारीवर जाताना एक मुक्काम करतात, आणि टेप संपते. या कथा टिपाव्यात, कोणी सांगितली ते लिहावे, थट्टा करू नये. पण विचारायचे ते वेगळेच. पाणी कुठून भरत होता? पिठाची गिरणी कोणत्या साली आली? रेशनचा मिलो कसा लागायचा? दुष्काळी कामावर सुकडी मिळायची ती कोण शिजवायचे? ‘आम्हा बायांना काय ठाऊक, त्यांना विचारा’ म्हणणारी आजी विहिरीचे नाव काढले की तासभर बोलते, आणि त्या तासात कोणत्या जातीची बाई कोणत्या पायरीपर्यंत उतरायची याचा नकाशाच उभा राहतो. सन विचारू नये. गावाची कालगणना वेगळी असते: पटकीत गाव रानात राहायला गेले ते साल, मानमोडीचे साल म्हणजे १९१८, बहात्तरचा दुष्काळ, लातूरकडे किल्लारीचा भूकंप. सनावळी आपण नंतर लावून घ्यावी.

बायांच्या तोंडचे साधन किती मोठे आहे हे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी दाखवून दिले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. भाऊ, सासर, शेत, विठ्ठल, बाबासाहेब आंबेडकर असे सगळे विषय त्यांत आहेत. गिरणी आल्यावर जाते थांबले आणि ओवी निमित्ताला महाग झाली. ज्या गावात अजून दोन-चार जणींना ओव्या येतात तिथे मंडळाने बाकीची कामे बाजूला ठेवावीत.

अवघड प्रसंग येतातच. १९४८ साली गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जळाली, आणि त्या आगींत कुलकर्ण्यांची दप्तरेही गेली. ज्यांची घरे जळाली ते गाव सोडून गेले. ज्यांनी जाळली त्यांची नातवंडे आज मंडळात बसलेली असू शकतात. दलित वस्तीवर गेलात तर वतनी कामाच्या, बहिष्काराच्या, १९५६च्या धर्मांतरानंतर देव ओढ्यात सोडल्याच्या हकीकती मिळतात, आणि गावातली माणसे म्हणतात, ‘आता कशाला ते?’ कोकणातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली खोतांविरुद्ध संप पुकारला तो वर्षानुवर्षे चालला. तिथे खोताचे घर आणि कुळाचे घर यांची आठवण एक कशी असेल? मंडळाने निवाडा देऊ नये. दोन्ही हकीकती सांगणाऱ्याच्या शब्दांत, त्याच्या परवानगीने, तारखेसह ठेवाव्यात. सांगणारा म्हणाला की मी असेपर्यंत उघडू नका, तर उघडू नये. फक्त ‘गावाची बदनामी होते’ म्हणून कोणाची हकीकत वहीतून काढून टाकायची वेळ आली, तर मंडळ बंद केलेले बरे.

नोंदणीबद्दल लोक फार लवकर विचारतात. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसे लागतात, आणि महाराष्ट्रात पुढे १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयाशी संबंध येतो. त्यानंतर दर वर्षी हिशेब तपासणी आली, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज आला. तो वेळेवर न दिल्याने, मूळ विश्वस्त वारल्याने, दोन गटांनी दोन अर्ज दिल्याने अडकून पडलेल्या संस्था प्रत्येक तालुक्यात आहेत. माझ्या मते पहिली दोन-तीन वर्षे मंडळाने बिननोंदणीचे राहावे, पैसा जमवूच नये, फारतर झेरॉक्सपुरती वर्गणी काढावी. देणगी, इमारत, अनुदान यांचा विषय निघाला की मग नोंदणी. आणि निवडणुकीच्या वर्षी मंडळाचे फलक उमेदवाराच्या पैशाने छापू नयेत, हे लिहायची गरज पडू नये, पण पडते.

वस्तू सापडल्या तर काय, हा प्रश्न पावसाळ्यात येतो. जुन्या वस्तीची पांढरी पावसाने वाहते, नांगराला खापर, मणी, नाणे लागते. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. आणि १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू ही पुरावस्तू ठरते. मंडळाने खणू नये. जिथे सापडले ती जागा, खोली, शेजारी काय होते, हे टिपावे आणि कळवावे. दायमाबादची ब्राँझची शिल्पे १९७४ साली झुडपाचे मूळ खणताना एका भिल्ल कष्टकऱ्याला सापडली. पांढरी कुठे आहे हे पंडितांआधी गावाला कळते. धाराशिव जिल्ह्यातले तेर हे प्राचीन तगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्याने आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंतून आज शासनाचे वस्तुसंग्रहालय उभे आहे आणि त्याला त्यांचेच नाव आहे. तेरची हस्तिदंती बाहुली पाहायला परदेशातून अभ्यासक येतात. सगळ्या गावांत तेर दडलेले नसते. पण लामतुऱ्यांसारखी नजर असलेला माणूस पुष्कळ गावांत असतो आणि गाव त्याला वेडा म्हणत असते. मंडळ निघाले तर निदान त्याला बसायला जागा होते.

मंडळे मरतात ती भांडणाने कमी, चिटणीसाच्या बदलीने जास्त. शिक्षक बदलून जातो, त्याच्या फोनमध्ये आठशे फोटो असतात, फोन पाण्यात पडतो. म्हणून वहीत नोंद आणि फोटोंच्या तीन प्रती: एक शाळेत, एक तालुक्याच्या वाचनालयात, एक गावाबाहेर राहणाऱ्या सभासदाकडे. माळीणवर डोंगर कोसळला तो २०१४ साली. किल्लारी १९९३ साली जागेवरून उठली. गाव जिथे आहे तिथेच त्याची एकमेव प्रत ठेवणे शहाणपणाचे नाही.

पुस्तिकेतली प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. घाई असेल तर फोटोंचे आणि परवानगीचे अशी दोन आधी वाचावीत. शेवटी परवानगीचा एक पानी नमुना ठळक अक्षरात दिला आहे. सही घेण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवावा, एक प्रत त्या घरी ठेवावी, आणि ‘हा कागद मंडळाने फक्त पाहिला, नेला नाही’ ही त्यातली तिसरी ओळ खोडू नये.